मोहभंगाचे रसिक

राजकीय सिनेमा जोखायची एक कसोटी आपल्याकडे कधीची रुळली आहे. नायकानं चळवळीत उडी घ्यायची, सहकाऱ्यांनी दगा द्यायचा, पुढाऱ्यानं विकलं जायचं, आणि शेवटी नायकानं वेडं व्हायचं, मरायचं, नाहीतर गुपचूप परदेश गाठायचा. एवढं झालं की सिनेमा 'प्रगल्भ' ठरतो. नायक शेवटपर्यंत आपल्या कामावर ठाम राहिला तर मात्र तोच सिनेमा 'भाबडा', फार तर 'शाळेत दाखवायला बरा'. ही कसोटी कुणी लिहून ठेवलेली नाही, पण ज्याला चार सिनेमे कळतात असं वाटतं तो प्रत्येक जण ती खिशात घेऊन फिरतो.

हे सगळं आठवायचं कारण 'शहीद भाई कोतवाल'. एकनाथ देसले यांनी दिग्दर्शित केलेला, आशुतोष पत्कींनी कोतवालांची भूमिका केलेला हा मराठी चित्रपट २४ जानेवारी २०२० ला लागला. दोन महिन्यांत करोनानं देशभरातली थिएटरं बंद पाडली आणि सिनेमा होत्याचा नव्हता झाला. आज तो नेरळ, कर्जत, माथेरान, मुरबाड सोडून फारसा कुणाला आठवत नाही. इथेही आठवतो तो बहुतेक एका हेटाळणीच्या वाक्यासोबत. हे वाक्य मी आमच्याकडच्या शिकल्यासवरल्या मंडळींकडून ऐकलंय आणि फार्महाऊसवर येणाऱ्या शनिवार-रविवारच्या कर्जतकरांकडूनही. दुसऱ्यांकडून जरा जास्तच. वाक्य असं : "विषय चांगला होता हो, पण त्यात मोहभंग कुठाय?"

या एका वाक्यात अख्खं तत्त्वज्ञान दडलेलं आहे. ते त्यांच्यापेक्षा मीच जरा नीट मांडतो, म्हणजे नंतर 'आमचं म्हणणं मोडूनतोडून सांगितलं' अशी तक्रार नको. म्हणणं असं : कोतवाल हा तरुण, तापट, आदर्शवादी माणूस. बेचाळीसच्या लाटेत वाहून गेला. विजेचे काही मनोरे पाडले, ते कंपनीनं पुन्हा उभे केले. मुंबईच्या गिरण्या पुन्हा चालू झाल्या, इंग्रज पुढे आणखी साडेचार वर्षं राहिले आणि गेले ते दुसऱ्या कारणांनी. स्वतः कोतवाल फितुरीनं मारला गेला. ज्या माथेरानसाठी आणि ज्या आदिवासींसाठी त्यानं हे केलं त्यांच्या हाती काय आलं? हॉटेलं, रिसॉर्टं आणि माणसानं ओढायच्या रिक्षा. तेव्हा या गोष्टीचा खरा सिनेमा व्हायचा तर तो निष्फळतेचा व्हायला हवा. त्याऐवजी हार घातलेल्या तसबिरीसारखा सिनेमा काढला, कारण तो एका समाजाच्या अभिमानाचा विषय आहे. इति.

ऐकायला भारदस्त वाटतं, नाही? आता बघू.

आधी तो 'वाहून गेलेला तरुण'. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानच्या एका गरीब नाभिक घरातला. हे माथेरान कसलं? ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली डोंगर चढून गेला, त्याला हवा मानवली, आणि मुंबईच्या साहेबांना नि शेटजींना उन्हाळा काढायला एक गार जागा मिळाली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं नेरळहून वर दोन फुटी रुळांची गाडी नेली, ती १९०७ मध्ये सुरू झाली. म्हणजे कोतवाल जन्मले तेव्हा डोंगरावर दोन गावं होती. एक बंगल्यांचं, एक बंगल्यांत राबणाऱ्यांचं. दुसऱ्या गावातल्या न्हाव्याचा मुलगा पुण्यात जाऊन शिकतो, कायद्याची पदवी मिळवतो, परत येतो आणि त्याच डोंगरावरच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष होतो. वाहून जाणारी माणसं निवडणुका लढवत नाहीत. नगरपालिकेच्या बैठकीत पाण्याचा नि दिवाबत्तीचा ठराव मांडून तो मंजूर करून घ्यायला लागणारी चिकाटी ज्याला ठाऊक आहे, तो हा शब्द वापरणार नाही.

त्याहून महत्त्वाचं काम डोंगराखाली चाललं होतं. कोतवालांनी कर्जत भागातल्या शेतकरी-आदिवासींसाठी शाळा काढल्या आणि धान्याच्या कोठ्या काढल्या. धान्याची कोठी म्हटल्यावर सिनेमावाल्यांचे डोळे मिटतात, टीकाकारांचेही. तिथेच मला थांबायचंय, कारण कोतवालांचं राजकारण तिथे आहे.

आमच्याकडे भात एकच पीक. दिवाळीच्या सुमारास कापणी-झोडणी होते, सावकाराचं देणं फेडून जे उरतं ते होळीपर्यंत पुरतं, कुणाचं पाडव्यापर्यंत. पुढे वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. पाऊस तोंडावर, लावणी डोक्यावर आणि घरात दाणा नाही. ठाकरवाडीत, कातकरवाडीत तर त्याच्याही आधी कंदमुळांवर दिवस. तेव्हा खावटी काढायची. सावकार भात देणार ते सवाईनं किंवा दिडीनं. दिडी म्हणजे मणाला दीड मण, तेही वर्षाचं व्याज नव्हे, आषाढात घेतलं ते चारपाच महिन्यांत खळ्यावरच परत करायचं. खळ्यावर माप सावकाराचं आणि मापारीही त्याचाच. जे देता आलं नाही त्यावर पुढच्या वर्षी पुन्हा दिडी. दोन पावसाळ्यांत माणूस मणाचे सव्वादोन मण देणं लागतो, तिसऱ्या पावसाळ्यात बैल जातो, मग जमीन, मग तो स्वतःच सावकाराच्या बांधावर राबायला जातो. यात तलवार नाही, बंदूक नाही, इंग्रज अधिकारीही कुठे दिसत नाही.

कोठीचं गणित याच्या नेमकं उलटं. सुगीत ज्याच्याकडे आहे त्यानं थोडंथोडं घालायचं, पावसाळ्यात ज्याला लागेल त्यानं न्यायचं, सुगीत परत करायचं आणि माप आपलं आपण धरायचं. हे सोपं वाटतं ते कागदावर. प्रत्यक्षात त्याला माणसं जमवावी लागतात. 'हा वकील आपलं भात घेऊन पळणार नाही' हा विश्वास वाडीवाडीवर जाऊन कमवावा लागतो, आणि सावकाराच्या बैठकीतून येणारे निरोप पचवावे लागतात. हे करणाऱ्या माणसाला भाबडा म्हणायचं? मोहभंगाची वाट बघत बसलेल्या कुठल्या नायकानं दिडीचा हिशेब असा समोर बसून सोडवला आहे?

म्हणून बेचाळीस ही त्याची सुरुवात नव्हे. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला, ९ तारखेच्या पहाटे पुढारी उचलले गेले, आणि देशभर पुढाऱ्यांविना चळवळ सुरू झाली हे आपण शाळेत शिकतो. कर्जतच्या पट्ट्यात तिला वर्षानुवर्षांचं काम तयार मिळालं. कोतवाल भूमिगत झाले, त्यांचा आझाद दस्ता उभा राहिला, आणि दस्त्यात आले ते आकाशातून नाही. भातशेती करणारे, वाड्यांवर राहणारे, मानिवलीच्या गोमाजी पाटलांच्या घरातले हिराजी यांच्यासारखे. पक्षाचं कार्ड बघून ही माणसं आली नव्हती. ज्याच्यावर भाताच्या मापाबाबत विश्वास ठेवता आला, त्याच्यावर जिवाबाबतही ठेवता येईल, एवढं त्यांना कळत होतं.

आता ते मनोरे. १९४२ च्या पावसाळ्याच्या अखेरीपासून पुढच्या दोन-तीन महिन्यांत दस्त्यानं विजेचे ११ मनोरे पाडल्याची नोंद सापडते. "पाडले, पुन्हा उभे राहिले, काय साधलं?" असं विचारणाऱ्याला मी आधी नकाशा दाखवतो. टाटांचं पहिलं जलविद्युत केंद्र खोपोलीचं, १९१५ चं. दुसरं भिवपुरीचं, १९२२ चं. एक खालापूर तालुक्यात, दुसरं कर्जत तालुक्यात. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवायचा, नळांतून घाटाखाली सोडायचा, आमच्या तालुक्यात त्याची वीज करायची आणि आमच्याच शेतांवरून तारा ओढून ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. पाणी इकडचं, उतार इकडचा, मनोऱ्यांचे पाय इकडच्या भाताच्या खाचरांत आणि उजेड दूर मुंबईत. मनोऱ्याखालच्या वाडीत मात्र चिमणी. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वाड्यांवर ती काही दशकं तशीच होती.

आता सांगा, लोखंडाचा तो पाय कापायचं ठरवणारा माणूस रोमँटिक होता की त्याला साम्राज्याचं अर्थकारण या मोहभंगवाल्यांपेक्षा जास्त कळत होतं? युद्ध चालू होतं, मुंबईच्या गिरण्या युद्धाचा माल काढत होत्या. मुंबईत जाऊन एखाद्या साहेबावर बाँब टाकण्यापेक्षा मुंबईची नाडी आपल्या शेतातून जाते तिथेच ती दाबायची, हे धोरण आहे. आणि तार तुटली तर दुरुस्त होते हे न कळण्याइतका वकील माणूस खुळा असतो का? सरकारला दर मनोऱ्यापाशी पहारा बसवावा लागला तरी त्याचं काम झालं. ११ मनोरे पडल्यावर एका तालुका वकिलाच्या शोधासाठी सरकारनं हॉल नावाचा पोलीस अधिकारी खास नेमला आणि बक्षीस लावलं. निष्फळ माणसावर सरकार बक्षीस लावत नसतं.

'इंग्रज दुसऱ्या कारणांनी गेले' हा युक्तिवाद तर मला फारच आवडतो. तो कुठेही लावता येतो. मिठाच्या चिमटीनं गेले नाहीत, साताऱ्याच्या पत्री सरकारनं गेले नाहीत, चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० ला पडलेल्या नाग्या कातकऱ्यामुळे गेले नाहीत. एकेक काढून टाकत गेलं की शेवटी कुणामुळेच गेले नाहीत, ते आपणहून कंटाळून गेले असा निष्कर्ष निघतो. हे इतिहासाचं वाचन की आळसाचं समर्थन? आमच्याच जुन्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं जमीन कसली नाही. खोतांची शेतं पडीक राहिली, लोकांनी लाकडं विकून पोट भरलं. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्यात येऊन उभे राहिले, १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करायचं विधेयक कायदेमंडळात मांडलं, आणि १९३९ मध्ये कूळ म्हणून कायद्यानं ओळख मिळाली. सहा वर्षांत या माणसांना निराश व्हायला हजार कारणं होती. ती झालीही असतील, एखाद्या रात्री. सकाळी पुन्हा मोळी बांधून निघाली.

'फितुरीनं मारला गेला' हेही फार चवीनं सांगितलं जातं. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या रानात हॉलच्या पोलिसांनी दस्त्याला गाठलं. हिराजी पाटील गोळी लागून पडले, जखमी कोतवालांना हॉलनं जवळून गोळी घातली. वय वर्षं तीस. कुणीतरी बातमी दिली होती, हे खरं. 'बघा, आपल्याच माणसांनी घात केला' असं म्हणताना आवाजात जो एक हलकासा आनंद असतो, तो मला सहन होत नाही. बक्षीस सगळ्यांनाच ठाऊक होतं. रानात लपलेल्या माणसांना भाकरी लागते, पाणी लागतं, पोलीस कुठवर आले ही खबर लागते, पांघरूण लागतं. हे सगळं आठवड्यांमागून आठवडे कुणी पोचवलं? कर्जत-मुरबाडच्या सीमेवरच्या त्या मुलखात किती घरांना माहीत होतं आणि किती घरांनी तोंड उघडलं नाही? एकानं बातमी दिली ती इतिहासात गेली. ज्यांनी दिली नाही ते मोजायची कुणाला सवय नाही, कारण त्यांचा सिनेमा 'प्रगल्भ' होत नाही.

आता या मंडळींच्या आवडत्या सिनेमांकडे वळतो. त्यांना वाटतं हे सिनेमे त्यांच्या बाजूनं साक्ष देतात. देतात का?

'सिंहासन' घ्या. जब्बार पटेलांचा १९७९ चा, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा, तेंडुलकरांच्या पटकथेचा. मराठीतला सर्वांत चांगला राजकीय सिनेमा, हे मान्य. त्यात शेवटी कोण वेडा होतो? दिगू टिपणीस. निळू फुल्यांचा पत्रकार. सगळं बघणारा, सगळं जाणणारा, स्वतः काहीही न करणारा. मुख्यमंत्री वेडा होत नाही, कामगार पुढारी डिकास्टा वेडा होत नाही. ज्याचं काम फक्त बघणं होतं त्याच्या डोक्यावर परिणाम होतो. साधूंनी नि तेंडुलकरांनी ही थप्पड कुणाच्या गालावर मारली आहे? आणि आपण गाल चोळत टाळ्या वाजवतो की वा, चळवळीचा काय मोहभंग दाखवलाय.

'पार्टी' तर त्याहून उघड. एलकुंचवारांचं नाटक, निहलानींचा १९८४ चा सिनेमा. दमयंती राणेंच्या दिवाणखान्यात मुंबईचे लेखक, नट, समीक्षक जमलेत, हातात पेले आहेत आणि चर्चा आहे अमृतची. कविता सोडून आदिवासींत काम करायला गेलेल्या अमृतची. अमृत स्वतः पार्टीत नाही. त्याचं बरोबर होतं का, त्यानं कवितेचा बळी दिला का, हे ठरवतात ते सगळे न गेलेले. शेवटी तो दिसतो तेव्हा त्याची जीभ कापलेली असते. मला वाटतं एलकुंचवारांनी तो दिवाणखाना इतका हुबेहूब उभा केला की त्यातली माणसं सिनेमा बघून आली, घरी पुन्हा पेले भरले आणि पुन्हा अमृतच्या मोहभंगावर बोलू लागली.

'आक्रोश' आठवा. १९८०. लहान्या भिकू या आदिवासीवर बायकोच्या खुनाचा आरोप आणि त्याचा वकील भास्कर कुलकर्णी. लहान्या जवळजवळ सबंध सिनेमाभर बोलत नाही. शेवटी बापाच्या चितेपाशी हातातल्या बेड्यांसकट कुऱ्हाड उचलतो आणि आपल्याच बहिणीला मारतो, कारण तिचंही तेच होणार हे त्याला दिसतं. हा भीषण प्रसंग आहे, कुणीही हलून जावं असा. पण त्या वकिलानं शेवटी वकिली सोडली का? नाही. सरकारी वकील दुसानेंशी भांडून तो बाहेर पडतो ते पळून जायला नव्हे. आपण मात्र लहान्याची किंकाळी लक्षात ठेवली आणि वकील विसरलो. आमच्याकडे एक खराखुरा वकील होता, आदिवासींमध्ये काम करणारा, त्यालाही तसेच विसरलो.

आणि 'हजारों ख्वाहिशें ऐसी'? सुधीर मिश्रांचा. हा तर या पंथाचा धर्मग्रंथच. न्यायमूर्तींचा मुलगा सिद्धार्थ बिहारच्या भोजपुरात क्रांती करायला जातो, हादरतो आणि डॉक्टरकी शिकायला विलायतेला निघून जातो. दलाली करून वर चढलेला विक्रम पोलिसांच्या मारानं मेंदूला इजा होऊन बसतो. बघा मोहभंग! पण गीता? ती त्याच गावात राहते, विक्रमला सांभाळते आणि काम चालू ठेवते. सिनेमा तिथे संपतो. दोन पुरुष मोडले म्हणून सिनेमा मोहभंगाचा, आणि उरलेली बाई मोजायचीच नाही? दिग्दर्शकानं शेवटच्या चित्रात ठेवलेलं माणूस ज्यांना दिसत नाही, त्यांनी आम्हाला सिनेमा कसा बघायचा ते शिकवू नये.

'एका समाजाचा अभिमान' या टोमण्याबद्दल फार बोलत नाही. नाभिक समाजाच्या मंडळांनी कोतवालांची जयंती-पुण्यतिथी जपली, सिद्धगडला २ जानेवारीला माणसं आजही जातात, म्हणून तर नाव उरलं. बाकीच्यांनी काय केलं? दादरला प्लाझा सिनेमासमोर वीर कोतवाल उद्यान आहे. पिढ्यान्‌पिढ्या मराठी प्रेक्षक प्लाझाच्या तिकिटांसाठी तिथे उभा राहिला, भेळ खाल्ली, प्रेमं जुळवली. त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं हा कोतवाल कोण? न्हाव्याच्या पोरानं केलेलं सगळ्या जिल्ह्याचं काम सगळ्यांनी विसरायचं, त्याच्या जातीनं लक्षात ठेवलं की तिला जातीयवादी म्हणायचं. सोय चांगली आहे.

आता त्यांचा हुकमाचा पत्ता : माथेरानच्या हातरिक्षा. माणसानं माणसाला ओढत चढावर न्यायचं हे दृश्य कोतवालांच्या गावात स्वातंत्र्यानंतर पाऊण शतक चालू राहिलं, ही शरमेची गोष्ट आहे. यावर मी एक अक्षर सारवासारव करणार नाही. गाडीबंदीचा माथेरानला अभिमान. २००३ मध्ये हा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. झाडं वाचली आणि तीच बंदी दाखवून रिक्षावाल्याच्या छातीवरचं ओझं कायम ठेवलं गेलं. परवाने ९४. त्यामागे राबणारी माणसं त्याहून कितीतरी जास्त.

पण मग ते थांबायची वेळ आली कशानं? कुणाच्या निराशेनं? रिक्षा ओढणाऱ्यांनीच संघटना केली, वर्षानुवर्षं अर्ज केले, ई-रिक्षा मागितल्या, नाही म्हणून ऐकलं, पुन्हा मागितल्या. घोडेवाल्यांचा विरोध सोसला. त्यांचीही पोटं होतीच, त्यांना खलनायक करायचं कारण नाही. २०२२ च्या डिसेंबरात प्रयोग म्हणून काही ई-रिक्षा वर आल्या. परवाने कुणाला, ठेका कुणाला, रस्त्याला पेव्हर ब्लॉक की मातीच, यावर भांडणं झाली, पुन्हा कोर्ट. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही प्रथा अमानुष आहे, सहा महिन्यांत बंद करा आणि ई-रिक्षा याच लोकांच्या हाती द्या. आदेशाची अंमलबजावणी म्हणजे पुन्हा वेगळी लढाई, हे त्या माणसांना कोणत्याही समीक्षकापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ही साक्ष कोतवालांच्या विरुद्ध कशी जाते? अर्ज, संघटना, नगरपालिका, कोर्ट. ही तर कोतवालांचीच पद्धत, मनोऱ्यांच्या आधीची. ज्याच्या खांद्याला दोर लागतो तो प्रगल्भतेनं हताश होऊन बसत नाही, कारण उद्या सकाळी माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर उतारू उभे असतात. हताश होऊन रिक्षात बसता येतं, ती ओढता येत नाही.

हे मला शनिवार-रविवारच्या कर्जतकरांना खास ऐकवायचंय. 'चळवळींनी काही होत नाही' हे वाक्य ज्या फार्महाऊसच्या व्हरांड्यात बोललं जातं, त्याची जमीन कुणाचं तरी वरकस होती. कूळकायद्याचं नाव, वनहक्काचा दावा, सातबाऱ्यावरची नोंद हे शब्द तिथे व्यवहाराच्या वेळी फार काळजीपूर्वक तपासले जातात. तेव्हा चळवळींनी काहीतरी झालं होतं हे वकिलाला बरोबर सापडतं. मोहभंग होतो तो नंतर, संध्याकाळी.

सिनेमाबद्दल म्हणाल तर 'शहीद भाई कोतवाल' ही काही थोर कलाकृती आहे असं माझं म्हणणं नाही. चरित्रपटांचे नेहमीचे रोग आपल्याकडे सर्वत्र आहेत : नायक उभा राहिला की वाजणारे ढोल, गोळीबाराकडे पळत सुटलेली पटकथा. पण मजा बघा. हार घालणारे आणि नाकं मुरडणारे, दोघांनाही या माणसाचा शेवटच हवा आहे. एकाला सिद्धगडची गोळी हवी म्हणजे हौतात्म्य मिळतं, दुसऱ्याला तीच गोळी हवी म्हणजे निष्फळता मिळते. मधली ती सगळी वर्षं, भाताचं माप, वाडीवरची शाळा, नगरपालिकेचा ठराव, यातल्या कुणालाच नकोत. कर्जतजवळ २००५ पासून एन. डी. स्टुडिओ उभा आहे. तिथे प्लास्टरचे किल्ले झाले, 'जोधा अकबर'साठी मोगलांचे महाल झाले. त्याच परिसरातली भाताची एक कोठी उभी करायला किती खर्च येतो?

तेव्हा माझं म्हणणं जसंच्या तसं पुन्हा सांगतो, आणि यात एक शब्द मागे घ्यायला मी तयार नाही. मोहभंगाचा सिनेमा हा धाडसी सिनेमा नाही. निदान आपण तो ज्या तऱ्हेनं बघतो त्या तऱ्हेनं तरी नाही. तो न गेलेल्या माणसाला सांगतो की बरं झालं गेला नाहीस. दीडशे रुपयांत इतकी मोठी सुटका दुसरीकडे मिळत नाही, म्हणून तो आवडतो. कोतवालांची गोष्ट ती सुटका देत नाही, म्हणून ती 'भाबडी'. पुढे कुणी तिच्यावर पुन्हा सिनेमा काढणार असेल तर त्यानं पहिला तासभर आषाढातच काढावा. खावटीची रांग दाखवावी, दिडीचा हिशेब दाखवावा, मापारी दाखवावा. आणि मोहभंगाशिवाय पैसे घालायला निर्माता तयारच होत नसेल तर मोहभंगही खुशाल दाखवावा. ज्या पावसाळ्यात लोक खावटी काढायला आपल्या ओटीवर न येता कोठीवर गेले, त्या पावसाळ्यात सावकाराचा झालेला.